मासा केवढा, त्यावर पारा

(कराडच्या महिला मेळाव्यातील व्याख्यानाचा संपादित भाग)

मगाशी एका ताईंनी विचारलं, "माशांत पारा असतो म्हणतात, मग गरोदर सुनेला मासे बंदच करू का?" अजिबात नको. मासे खायचे, फक्त निवडून.

कोळशाच्या धुरातून, कारखान्यांतून पारा हवेत जातो आणि पावसाबरोबर पाण्यात उतरतो. तळाच्या गाळातले जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी, म्हणजे पाऱ्याचं जास्त घातक रूप करतात. ते शेवाळात, बारीक जिवांत आणि तिथून तारलीत जातं. आता एक मोठी सुरमई जन्मभरात अशा किती तारल्या गिळत असेल! सगळ्यांचा पारा तिच्या मांसात साठत जातो. मांसातच मुरलेला असल्यामुळे कातडी काढा, कोकम लावा, कडक तळा, तो जात नाही. जपानच्या मिनामाता गावी कारखान्याचं पारामिश्रित सांडपाणी समुद्रात जायचं. 1956 मध्ये तिथले मासे खाऊन होणारा आजार उघडकीस आला. ज्या आयांना फारसा त्रास नव्हता, त्यांच्याही पोटी अधू मुलं जन्मली. म्हणून जपायचं ते गरोदर बाईला आणि लहानग्यांना.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला तारलीसारख्या माशांत सरासरी 0.013 पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत इतके भाग) पारा आढळला, शार्कमध्ये 0.979. म्हणजे सुमारे 75 पट! आणि आपल्याकडे सांगतात काय, तर बाळंतिणीला मोरी द्या, दूध येतं. अहो, मोरी म्हणजे शार्कच. लहान मोरीत पारा कमी असतो हे खरं, पण तुकडे केल्यावर ती केवढी होती हे कोण सांगणार? तेव्हा सासूबाईंना गोडीत समजवा आणि ताटात दुसरं कालवण वाढा.

मोबाइलवर "सुरमईत फार पारा, खाऊ नका" असं जे फिरतं ते तिच्या अटलांटिकमधल्या चुलतबहिणीबद्दल असतं. तरी आपली सुरमईही शिकारीच. लहान घ्या, कधीमधी खा. कुपाही (ट्यूना) तसाच. तारली, बांगडा, बोंबील, मांदेली, कोळंबी मात्र आठवड्यातून दोन-तीनदा खुशाल खा. रोहू, कटलाही चालतात. स्वस्त मासा इथे जास्त चांगला, हे मला फार आवडतं. सुकटही चालते, पण रक्तदाब असेल तर मीठ आधी धुऊन काढा.

खरं सांगू? कुंभार्ली घाट चढून येणाऱ्या माशाच्या बाबतीत मला पाऱ्याइतकीच बर्फाचीही काळजी वाटते. बांगडा, तारली, कुपा तास-दोन तास उन्हात राहिले की त्यांत हिस्टामिन नावाचं बाधणारं द्रव्य तयार होतं, आणि तेही शिजवून जात नाही. म्हणून टोपलीत वरचा मासा बघू नका, खालचा काढायला लावा. कल्ला उचला: लालभडक हवा, तपकिरी नको. बोटाने दाबलं तर खड्डा राहता कामा नये. आणि खाल्ल्यावर तोंडात झणझणलं, चेहरा लाल होऊन डोकं ठणकायला लागलं, तर "तिखट जास्त झालं" म्हणत बसू नका, दवाखाना गाठा.