हातात बंदूक नाही

श्रोतेहो, नमस्कार.

सप्टेंबर १९३२. बर्म्युडा बेटांजवळच्या समुद्रात एक पोलादी गोळा तारेच्या दोराला बांधून खाली सोडला जात होता. जेमतेम पावणेपाच फूट रुंद. त्यात दोन माणसं अंग चोरून बसलेली, समुद्रजीवांचा अभ्यासक विल्यम बीब आणि त्याचा साथी ऑटिस बार्टन. क्वार्ट्‌झच्या जाड खिडकीतून बीब बाहेर बघत होता आणि दिसेल ते टेलिफोनवरून वर कळवत होता. त्या दिवशी ती टेलिफोनची तार रेडिओला जोडली होती. गोळा २,२०० फुटांपर्यंत खाली गेला आणि तिथल्या अंधाराचं वर्णन लोकांनी घरच्या खुर्चीत बसून ऐकलं.

तुम्हीही आत्ता तसेच ऐकत बसला आहात, म्हणून सुरुवात तिथून केली. आज बोलायचं आहे एका व्हिडिओ गेमबद्दल. त्याचं नाव ‘सबनॉटिका’. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘अननोन वर्ल्ड्‌स’ या कंपनीने तो बनवला आणि जानेवारी २०१८ मध्ये पूर्ण स्वरूपात लोकांसमोर आणला. घरात मुलं खेळत असतील तर नाव कानावर आलंही असेल.

गोष्ट अशी आहे. ‘ऑरोरा’ नावाचं प्रचंड अवकाशयान एका अनोळखी ग्रहावर कोसळतं. तो ग्रह जवळपास सगळा पाण्याने व्यापलेला. तुम्ही एका छोट्या जीवरक्षक कुपीतून वाचता. पाण्यात उडी मारली की फुप्फुसात ४५ सेकंदांचा श्वास असतो, बस्स. कुपीतला रेडिओ बिघडलेला. तो दुरुस्त केला की इतर कुप्यांमधून माणसांचे निरोप येऊ लागतात. तुम्ही जिवाच्या आकांताने तिथे पोहोचता, तर कुपी फाटलेली आणि आत कुणीच नाही. आवाज पोहोचला, पण माणूस राहिला नाही. मी पहिल्यांदा अशा रिकाम्या कुपीपाशी पोहोचलो तेव्हा खेळ थांबवून बराच वेळ नुसता बसून होतो.

हा खेळ विज्ञानकथेच्या कोणत्या घराण्यातला, असं विचाराल तर पहिलं नाव ज्यूल्स व्हर्नचं. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला, त्यामुळे कॅप्टन निमो आपल्याकडच्या कित्येकांना शाळेच्या वयातच भेटला. निमोच्या ‘नॉटिलस’ या पाणबुडीवर जमिनीवरचं काही लागत नाही. कपडे शिंपल्यांच्या तंतूंचे, शाई समुद्रजीवांची, सिगारसुद्धा समुद्री वनस्पतीची. ‘सबनॉटिका’तही नेमकं हेच करावं लागतं. फुगीर अंगाचा एक मासा पकडून पिण्याचं पाणी मिळवायचं, तळापासून वर चढलेल्या वेलींच्या बियांतून रबर काढायचं, त्याच वेलींच्या तंतूंचं कापड करायचं. होता होता एके दिवशी आपली स्वतःची मोठी पाणबुडी तयार होते. तिच्या काचेपाशी उभं राहून बाहेरचा प्रकाशणारा समुद्र बघताना वाटतं, निमो असाच उभा राहत असणार.

हा निमो मुळात आपलाच बरं का. पुढच्या एका कादंबरीत व्हर्नने सांगून टाकलं आहे की निमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर. १८५७ च्या लढ्यात त्याचं सगळं कुटुंब गेलं आणि तो समुद्रात उतरला तो कायमचा. म्हणून त्याचा समुद्र आसऱ्याचा आहे आणि सुडाचाही. तो जहाजं बुडवतो, कॅशलॉट जातीच्या देवमाशांचा कळप कापून काढतो. महाकाय स्क्विड नॉटिलसवर चढून येतो तेव्हा माणसं कुऱ्हाडी घेऊन भिडतात. खोल समुद्रात उतरणाऱ्या नायकाच्या हातात शस्त्र हवंच, हे पुढे कितीतरी वर्षं लेखकांनी गृहीत धरलं.

ते शस्त्र खाली ठेवायला सांगणारा मला दिसतो तो विज्ञानकथालेखक आर्थर सी. क्लार्क. डायव्हिंगच्या वेडापायी तो १९५६ मध्ये सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, राहायला गेला. आपल्याकडे घरोघरी बुधवारी रात्री गाण्यांसाठी रेडिओ सिलोन लावायचे, तोच हा काळ. १९५७ मध्ये त्याची ‘द डीप रेंज’ कादंबरी आली. तीत माणसं देवमासे पाळतात. गुरं राखावीत तसे त्यांचे कळप राखतात आणि मांसासाठी मारतात. मग एक बौद्ध भिक्खू ही कत्तल थांबवा म्हणून उभा राहतो. त्याचं म्हणणं साधं आहे. उद्या आपल्याहून फार पुढे गेलेला कुणी जीव आपल्याला भेटला, तर आपण इथल्या जिवांशी कसे वागलो यावरून तो आपल्याशी कसं वागायचं ते ठरवेल.

आता गेमकडे येतो. याच कंपनीचा आधीचा खेळ बंदुकांचाच होता. तो ऑक्टोबर २०१२ मध्ये बाजारात आला. त्याच वर्षी १४ डिसेंबरला अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात सँडी हूक शाळेत गोळीबार झाला आणि २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं गेली. ‘सबनॉटिका’चं काम तेव्हा नुकतंच सुरू होत होतं. दिग्दर्शक चार्ली क्लीव्हलँड यांनी ठरवलं की या खेळात बंदूक नसेल आणि तसं त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितलंही. सुरी आहे, प्राण्याला थोडा वेळ जागच्या जागी थिजवणारं एक यंत्र आहे. पण तुमच्या हातात बहुतेक वेळ असतो तो स्कॅनर. टायटॅनियमचा एक तुकडा आणि एक बॅटरी यांतून बनलेला. समोर आलेला जीव मारायचा नाही, त्याच्यावर स्कॅनर धरायचा आणि तो कोण आहे, काय खातो, कसा जगतो ते वाचायचं.

हे वाटतं तितकं सोपं नाही. ऑरोराच्या मागच्या बाजूला पाणी गढूळ आहे. रात्री हेडफोन लावून मी तिथे गेलो होतो. आधी दुरून एक डरकाळी आली, मग जवळून. पुढच्या क्षणी त्या अजस्र प्राण्याने माझी छोटी पाणबुडी जबड्याच्या चार नांग्यांत धरली होती आणि काचेतून तो माझ्याकडे बघत होता. अशा वेळी हात बंदूक शोधतो. ती नसते. सुटलात तर दिवे मालवून, इंजिन बंद करून गप्प राहायचं आणि मान्य करायचं की हा त्याचा इलाका आहे. इतकी अस्सल भीती मला गोळ्या झाडण्याच्या कुठल्याच खेळात वाटलेली नाही.

आणि सगळ्यात खोल, तापलेल्या लाव्हाच्या शेजारी, एका बंदिस्त कुंडात ती भेटते. ‘सी एम्परर’, या समुद्राची म्हातारी सम्राज्ञी. तुम्हाला जडलेल्या रोगावरचा उतारा तिच्याच वंशाकडे आहे. परग्रहावरून आलेल्या कुणीतरी त्यासाठीच तिला शतकानुशतकं कोंडून ठेवलं. तिची अंडी जबरदस्तीने उबवायचा प्रयत्न केला, ती उबली नाहीत. तुमच्याशी मात्र ती मनातून बोलते आणि काय लागेल ते सांगते. पाच वनस्पती गोळा करायच्या, त्यांचं द्रव्य बनवायचं. मग अंडी फुटतात, पिल्लं बाहेर पडतात आणि समुद्राकडे निघून जातात. ती मागे राहते. भिक्खूने कादंबरीत जो उद्या सांगितला होता, तो मला त्या कुंडात भेटला.

ग्रह सोडून जाताना खेळ एक गोष्ट करू देतो. एका छोट्या डबीत काही वस्तू, एक छायाचित्र आणि चार ओळी ठेवता येतात. ती डबी जगात कुठेतरी दुसऱ्या कुणा खऱ्या खेळाडूला त्याच्या समुद्राच्या तळाशी सापडू शकते. मला अशी एक सापडली होती. आत पाण्याची बाटली होती आणि दोन बॅटऱ्या. स्कॅनरची बॅटरी तेव्हा संपत आलीच होती, मी त्यातली एक लगेच बसवली. माझ्या डबीतही मी पाणी आणि बॅटऱ्याच ठेवल्या.

नमस्कार.