जुनं पॅनेलिंग, दोन लिटर रंग

नमस्कार श्रोतेहो.

हॉलची एक अख्खी भिंत टीक प्लायची, त्यात उभ्या चरा, कडेला बीडिंग आणि वर गडद तपकिरी मेलामाइन पॉलिश, म्हणजे लाकडावरचा कडक चकचकीत थर. ऐंशी-नव्वदच्या दशकात ज्यांनी फ्लॅट सजवला त्यांना पुढचं वर्णन नको. तेव्हा शेजारी मुद्दाम बघायला यायचे. आता त्याच हॉलमध्ये भर दुपारी ट्यूब लावावी लागते.

पैसे कमी असतील तर पहिली गोष्ट, ते पॅनेल उपटू नका. मागे पट्ट्या आहेत, पट्ट्यांसाठी भिंतीत लाकडी गिट्ट्या ठोकल्या आहेत आणि ठोकताना प्लास्टर फुटलेलं आहे. प्लाय तासाभरात निघेल, पण मागची भिंत सरळ करायला गवंडी लागेल. अपवाद फक्त ओल आणि वाळवी यांचा. खालच्या कडेला, फरशीपासून चार बोटं वर, स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. टोक रुतलं किंवा मातीची नळी दिसली, तर आधी त्याचा बंदोबस्त, रंग नंतर. भिंतीपलीकडे बाथरूम असेल तर सगळी कड तपासा.

पॅनेल ठणठणीत असेल तर रंगवा. आणि एक वाक्य लिहून घ्या: चमक मारायची, पॉलिश काढायचं नाही. म्हणजे वरची चकाकी हलकी घासून घालवायची, खालचा थर तसाच ठेवायचा.

हे वाक्य न पाळणं डोंबिवलीतल्या एका घराला फार महाग पडलं. मुलीचा साखरपुडा आठ दिवसांवर, हॉल पांढरा हवा. धाकट्या भावाने उत्साहाने भाड्याचं सँडिंग मशीन आणलं आणि दुपारभर भिंत घासली. रंगाऱ्याने वर पाण्यातल्या रंगाचे दोन हात मारले. संध्याकाळी भिंत अशी पांढरी की वरच्या मजल्यावरच्यांना बोलावून दाखवली. सकाळी बघतात तर भिंतीच्या मधोमध चहा सांडल्यासारखे पिवळट डाग! तिसरा हात दिला. दुपारी ठीक, रात्री डाग परत. रंगारी म्हणाला, डबा बनावट आहे. दुकानदार म्हणाला, यानेच पाणी जास्त घातलं. आजींनी वरच्यांच्या मोरीवर ठपका ठेवला आणि त्यांच्याशी बोलणंच टाकलं. चौथा हात झाला. मग कोणीतरी कोपऱ्यात फुलांची माळ टेपने चिकटवून पाहिली. टेप काढली तर तिच्याबरोबर वीतभर रंग सालासारखा निघून आला, आणि खाली पॉलिश अगदी नव्यासारखं चकाकत होतं!

म्हणजे मधे डाग, कोपऱ्यात सोलणं. सगळे हवालदिल. त्याच दिवशी मुख्य दाराला पॉलिश करायला एक म्हातारे पॉलिशवाले आले होते. त्यांनी भिंतीवर नख फिरवलं आणि म्हणाले, "मधे जास्त घासलंय, कोपऱ्यात घासलंच नाही." झालं होतं तसंच. टीक प्लायवरचा सागाचा थर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. मशीनने मधलं पॉलिश खरवडून लाकूड उघडं पडलं. सागातला रंग पाण्यात विरघळतो, त्यामुळे पाण्याच्या रंगाचा प्रत्येक हात तो डाग नव्याने वर ओढत होता. बीडिंगजवळ आणि चरांत मात्र मशीन पोचलंच नव्हतं. तिथे गुळगुळीत पॉलिशला रंग धरायला काही मिळालं नाही. पॉलिशवाल्यांनी सुटा रंग काढला, कोपरे हाताने घासले, डागांवर लाखेचे दोन पातळ हात दिले आणि नंतर ऑइल प्रायमर लावायला सांगितला. डाग पुन्हा आले नाहीत. वरच्यांकडे पेढे द्यायला आजी स्वतः गेल्या.

तर पुन्हा सांगतो: चमक मारायची, पॉलिश काढायचं नाही.

आता कृती. दहा बाय आठ फुटांची भिंत धरू. दर दुकानागणिक बदलतात, म्हणून मापंच सांगतो. आधी टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून मेण आणि तेलकटपणा काढा. चकाकी आणणारा सिलिकॉनचा फवारा कधी मारला असेल तर दोनदा पुसा, नाहीतर रंगात बारीक खड्डे पडतात. मग १८० नंबरचा पॉलिश पेपर, सहा-आठ कागद, हाताने आणि रेषांच्या दिशेने. पृष्ठभाग मंद दिसला की थांबा. चरांसाठी कागदाची घडी घाला. चरा लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवू नका. ऋतूप्रमाणे प्लाय हलतं आणि भरलेली चर वर्षभरात तडकते.

लाकूड कुठे उघडं पडलंच, तर लाख. एक लिटर स्पिरिटमध्ये दोनशे ते अडीचशे ग्रॅम मेण काढलेली लाख रात्रभर भिजवा, काचेच्या बाटलीत. लोखंडी डब्यात ती काळवंडते. काम चालू असताना गॅस बंद, देवापुढची समई बंद. पावसाळ्यात हे नकोच, दमट हवेत लाखेवर पांढुरकी झाक येते.

मग सगळ्या भिंतीवर एक लिटर ऑइल प्रायमर, एक हात. दुसऱ्या दिवशी ३२० नंबरचा कागद हलका फिरवा आणि इनॅमलचे, म्हणजे ऑइल पेंटचे, दोन हात द्या, मधे चोवीस तास. दोन लिटर पुरतो, थोडा उरतो. प्रत्येक हाताला आधी ब्रशने चरा, लगेच चार इंची फोमचा रोलर. उलट केलंत तर चरांतून रंग ओघळतो. पॅनेलवर आधीच जुना ऑइल पेंट असेल तर कागद ओला करून घासा. घरगुती रंगातल्या विषारी शिशाला ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाची धूळ नाकात जायला नको.

जाता जाता, पांढराच रंग का, हे मला कळत नाही. गडद हिरवा किंवा मातकट रंग चरांच्या सावल्या झाकतो आणि त्यावर मुलांचे हातही दिसत नाहीत. आणि डबा उघडण्याआधी ट्यूबच्या जागी ३००० केल्विनचा पिवळसर दिवा एक संध्याकाळ लावून पाहा. कधीकधी तीच तपकिरी भिंत चांगली दिसायला लागते आणि रंगाचा खर्चच वाचतो.

रंगवलंत तर सोफा आठवडाभर भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. इनॅमल हाताला कोरडा लागला तरी आतून मऊ असतो, रेक्झिन त्याला चिकटतं.