छपाईला देण्यापूर्वी : मराठी संशोधनग्रंथाच्या लेखकासाठी

(दृश्य : ऑफसेट यंत्रातून छापलेले ताव बाहेर पडताहेत. त्यातला एक टेबलावर पसरला जातो.)

हा छापून आलेला ताव. एका बाजूला ८ पानं, दुसऱ्या बाजूला ८. आकडे बघा. १ च्या शेजारी १६, ४ च्या शेजारी १३, आणि अर्धी पानं उलटी. ताव तीनदा दुमडला की सगळी आपोआप क्रमाने लागतात.

(दृश्य : घडी घालणारे हात. एक, दोन, तीन.)

सोळा पानांच्या या घडीला छापखान्यात फॉर्म म्हणतात. लेखक आपलं पुस्तक शब्दांत मोजतो, छापखाना ते फॉर्ममध्ये मोजतो. डेमी आकाराच्या (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच) एका पानावर साधारण ३०० शब्द बसतात. टिपा आणि संदर्भसूची धरून ७५,००० शब्द झाले, तर २५० पानं. सुरुवातीची शीर्षकाची, अनुक्रमणिकेची आणि ऋणनिर्देशाची ८ पानं मिळवली की २५८. सोळा फॉर्मची होतात २५६. उरलेल्या २ पानांसाठी आणखी अर्धा फॉर्म लागतो, म्हणजे ८ पानं, आणि त्यातली ६ कोरी जातात. ही ६ पानं लक्षात ठेवा.

(दृश्य : संपादकाच्या टेबलावर कापडी बांधणीचा प्रबंध. शेजारी त्याच प्रबंधाची पेन्सिलने खुणा केलेली प्रत.)

मराठीत विद्यापीठीय प्रकाशनाकडे येणारी बरीच हस्तलिखितं पीएच.डी.च्या प्रबंधातून निघतात. प्रबंध परीक्षकांसाठी लिहिलेला असतो. त्यातली गृहीतकं, उद्दिष्टं, प्रकरणांची रूपरेषा आणि पूर्वसंशोधनाचा सविस्तर आढावा पुस्तकात तसाच आणायचा नसतो. आढाव्यातलं जे तुमच्या युक्तिवादाला लागतं, ते त्या त्या प्रकरणात जागच्या जागी न्या. बाकीचं काढून टाका. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटचा ‘सारांश’ही काढा, तीच वाक्यं पुढच्या प्रकरणाच्या आरंभी पुन्हा आलेली असतात.

प्रकाशनाआधी हस्तलिखित तपासणाऱ्या समीक्षकांकडे जाणाऱ्या प्रतीवर लेखकाचं नाव नको. मुखपृष्ठावरचं नाव सगळेच काढतात. फाइलच्या गुणधर्मांत ते राहतं, आणि ‘प्रस्तुत लेखकाने याआधी दाखवल्याप्रमाणे’ अशा वाक्यातही राहतं. दोन्ही तपासा.

(दृश्य : संगणकाचा पडदा. एका शब्दावर कॅमेरा जवळ जातो.)

आता मुद्रणप्रत. हा शब्द वाचा : ‘सि्थती’. आणि हा : ‘वषर्’. लेखकाने बरोबरच टाइप केलं होतं. मजकूर जुन्या, युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये होता, तो रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणला आणि हे झालं. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी जशी दिसते तशी, अक्षराच्या आधी टाइप होते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं नेमकं उलटं : दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, साठवला जातो त्याच्या आधी. साधं अक्षर असेल तर रूपांतरक हा हिशेब जमवतो. जोडाक्षर आलं की चुकतो.

उपाय आहे, आणि तो लेखकानेच करायचा आहे. फाइलमध्ये ‘वेलांटी आणि लगेच हलन्त’ ही जोडी शोधा. शुद्ध मराठीत ती कुठेच येत नाही, त्यामुळे जितक्या सापडतील तितक्या चुकाच. मग हलन्त ‘र्’ आणि त्यापुढे मोकळी जागा, असं शोधा. शब्दाच्या शेवटी भरकटलेले रफार एकेक करून सापडतील.

(दृश्य : पडद्यावर दोन ओळी, एकीखाली एक. दोन्हींत ‘ॲक्ट’.)

या दोन शब्दांत डोळ्यांना काही फरक दिसत नाही. पहिल्यात ‘ॲ’ हे एकच अक्षर आहे, दुसऱ्यात ‘अ’वर वेगळा चंद्र दिला आहे. शोध घेतला तर संगणक एकच दाखवतो, दुसरा सोडून देतो. ‘दऱ्या’मधला अर्धा र सुद्धा दोन तऱ्हांनी टाइप होतो. तो बिघडला की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, आणि सह्याद्रीवरच्या प्रकरणात ही चूक शुद्धलेखन तपासणीलाही सापडत नाही, कारण दोन्ही शब्द कोशात आहेत. म्हणून संपूर्ण हस्तलिखितात एकच कळफलक वापरा. इन्स्क्रिप्ट असेल तर शेवटपर्यंत इन्स्क्रिप्ट.

मांडणी करणाऱ्याला एक प्रश्न आधीच विचारून ठेवा : इनडिझाइन या पानं मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय चालू आहे का? तो बंद असेल तर देवनागरी जोडाक्षरं सुटी पडतात. आणि मांडणी पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये होणार असेल, तर मजकूर युनिकोडमधून पुन्हा जुन्या फाँटमध्ये जाणार आणि वरची सगळी तपासणी दुसऱ्यांदा करावी लागणार.

शुद्धलेखनाचे नियम ठरलेले आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ सालचे, त्यात पुढे ४ ची भर पडली. पण विशेषनामांना हे नियम पुरत नाहीत. जोतीराव, ज्योतिराव, जोतिबा : एक रूप निवडा आणि सगळीकडे तेच ठेवा, अवतरणं सोडून. अवतरणात मूळ लेखकाने जसं लिहिलं तसंच. असे सगळे निर्णय एका कागदावर लिहा आणि तो कागद मुद्रणप्रतीबरोबर द्या. तो नसेल तर मुद्रितशोधक आपल्या समजुतीने ‘सुधारणा’ करत जातो.

(दृश्य : दफ्तरखान्यात लाल कापडाचा रुमाल सोडला जातो. आत मोडी कागदांची पुडकी.)

टिपा. मोडी कागदाचा संदर्भ देताना ‘पेशवे दफ्तर, पुणे’ एवढं लिहून भागत नाही. दफ्तराचं नाव, रुमाल क्रमांक, पुडक्याचा क्रमांक, कागदावरची तारीख, एवढं हवं. कागद हातात असतानाच हे टिपून घ्यावं. रुमाल पुन्हा बांधला गेला की तो कागद दुसऱ्यांदा गाठणं फार अवघड.

तारखांचा हिशेब बारकाईने करा. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतं, हे अर्धसत्य आहे. शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंतच्या तारखांना ७९ मिळवावे लागतात. शके १८०० च्या माघातला कागद १८७९ चा, १८७८ चा नव्हे. सुहूर सन ही मराठेशाहीच्या कागदांतली अरबी कालगणना, तिला ५९९ किंवा ६००, महिन्याप्रमाणे. मूळ तिथी टिपेत ठेवाच. तुमचं रूपांतर चुकलं असेल तर वाचकाला ते तपासता आलं पाहिजे.

आणि ‘तत्रैव’, म्हणजे ‘वरच्याच ग्रंथात’, टाळा. हस्तलिखित तयार होत असताना परिच्छेद वरखाली होतात, मध्ये नवी टीप शिरते आणि ‘तत्रैव’ भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवू लागतं. आडनाव, ग्रंथाचं आखूड नाव, पृष्ठक्रमांक, असं प्रत्येक वेळी लिहा. चार शब्द जास्त गेले तरी चालतील.

(दृश्य : स्कॅनरवर जुनं छायाचित्र. पडद्यावर तेच छायाचित्र मोठं केल्यावर फुटलेले ठिपके.)

छायाचित्र छापील आकारात इंचाला ३०० ठिपके भरलं पाहिजे. चार इंच रुंद छापायचं तर निदान १,२०० पिक्सेल. रेषाचित्रं आणि नकाशे इंचाला १,२०० ठिपक्यांनी स्कॅन करा, नाहीतर तिरक्या रेषांना पायऱ्या पडतात. व्हॉट्सॲपवरून चित्रं पाठवू नका, तिथे ती आक्रसतात. वर्डच्या फाइलमध्ये चिकटवूही नका. प्रत्येक चित्राची वेगळी फाइल, नावात प्रकरण आणि क्रमांक, आणि मजकुरात त्या जागी कंसात ‘आकृती ३.२ इथे’. भारताची बाह्य सीमा दाखवणारा नकाशा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी जुळलाच पाहिजे. रंगीत चित्रं एकत्र, वेगळ्या आर्ट पेपरच्या फॉर्मवर छापली जातात, म्हणून किती चित्रं रंगीत हे मांडणीच्या आधी ठरवा.

परवानग्या लेखकाने आणायच्या. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात आणि मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून होते. १९६० साली वारलेल्या लेखकाचं त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन १ जानेवारी २०२१ पासून खुलं झालं. पत्रांचं वेगळं : पत्र ज्याच्याकडे आहे त्याचा हक्क नसतो, ज्याने लिहिलं त्याचा असतो. आणि ते लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम छापलं गेलं, तर ६० वर्षं छापल्यापासून मोजायची.

(दृश्य : प्रूफाचं पान. समास लाल शाईने भरलेला. काकपद, खोडण्याची वळी, अक्षर जोडण्याची खूण.)

पहिल्या प्रूफात वाक्य बदललं तरी चालतं. पानं पडल्यानंतर, म्हणजे मजकूर पानांत बसवून झाल्यावर, फक्त चुका दुरुस्त करायच्या. ४० व्या पानावर एक शब्द घातला, ओळ वाढली, तर प्रकरण संपेपर्यंत प्रत्येक पानाची शेवटची ओळ पुढे सरकते. काही घालायचंच असेल तर त्याच परिच्छेदातून तितकीच अक्षरं काढा.

प्रूफ एका बैठकीत, एकाच नजरेने वाचू नका. एकदा मूळ प्रत दुसऱ्या कुणाला मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही प्रूफावर बोट ठेवून चला. विरामचिन्हंही वाचून घ्या. मग फक्त टिपांचे क्रमांक पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासा. मग फक्त शीर्षकं, चित्रांखालच्या ओळी आणि पानावरचे मथळे. मोठ्या टायपातली चूक सगळ्यांत उशिरा दिसते. कोष्टकांत १ आणि ९ यांची अदलाबदल होते, तेव्हा बेरजा पुन्हा करून पाहा.

(दृश्य : टेबलभर पसरलेली कार्डं. एक हात ती वर्णानुक्रमे लावतो आहे.)

पानं पक्की झाली की सूची, म्हणजे कुठलं नाव वा विषय कुठल्या पानावर आहे याची ग्रंथाच्या शेवटची यादी. संशोधनग्रंथात सगळ्यांत जास्त कष्ट इथे घ्यायला हवेत, आणि मराठीत नेमकी हीच सोडून दिली जाते. केतकरांच्या ज्ञानकोशाला स्वतंत्र सूचीखंड आहे. ही वाट आपल्याकडे सुमारे शंभर वर्षांपूर्वीच पडली होती.

सूची लेखकानेच करावी. कुठल्या पानावर नाव नुसतं येऊन जातं आणि कुठे त्याविषयी काही सांगितलं आहे, हे त्यालाच ठाऊक असतं. छापील पानं घ्या आणि नाव, ठिकाण, संकल्पना यांखाली रेघ मारत जा. प्रत्येक नोंदीला एक कार्ड. संगणकावर केलं तरी पद्धत हीच.

(दृश्य : एका कार्डावर ‘शाहू’. खाली पृष्ठक्रमांकांची लांब ओळ.)

हे कार्ड चुकलेलं आहे. साताऱ्याचे छत्रपती शाहू १७४९ साली वारले. कोल्हापूरचे राजर्षी शाहू १८७४ साली जन्मले. दोघांचे पृष्ठक्रमांक एका नावाखाली आले आहेत. दोन कार्डं करा आणि नावापुढे ओळख लिहा. बाजीरावांचंही तेच, पहिला आणि दुसरा.

एका नोंदीपुढे सहाहून जास्त पृष्ठक्रमांक झाले की उपनोंदी पाडा. ‘वतनदारी’पुढे नुसते २३ आकडे लिहिले तर वाचकाला तेवीस पानं चाळावी लागतील. ‘वतनदारी : कज्जे’, ‘वतनदारी : विक्री’, ‘वतनदारी : स्त्रियांचे हक्क’ असं केलं की तो थेट हव्या त्या पानावर जातो. बदललेली आणि पर्यायी नावं ‘पहा’ लिहून जोडा : ‘उस्मानाबाद : धाराशिव पहा’. नाना फडणवीस ‘न’मध्ये ठेवा किंवा ‘फ’मध्ये, दुसऱ्या जागी ‘पहा’ हवंच. आधुनिक नावं आडनावाखाली, संत त्यांच्या नावाखाली.

आता क्रम. संगणकाला ‘क्रम लाव’ सांगितलं की तो अनेकदा युनिकोडच्या क्रमांकाने लावतो. तिथे ‘ळ’ हा ‘व’च्या आधी आहे. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. ‘क्षेत्र’ संगणक ‘क’च्या शेवटी नेतो, तर बऱ्याच मराठी वाचकांना ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ ‘ळ’नंतर शोधायची सवय असते. कुठलाही क्रम चालेल, मात्र सूचीच्या माथ्यावर एका ओळीत तो सांगा आणि यादी एकदा हाताने तपासा.

अडीचशे पानांच्या ग्रंथाला ८ ते १२ पानांची सूची शोभते. जागा नाही असं प्रकाशक म्हणाला तर फॉर्मचा हिशेब मागा. कोरी जाणारी ती ६ पानं तिथेच आहेत, आणि छोटी सूची दोन स्तंभांत, बारीक टायपात तेवढ्यात बसते. सूची नसलेला ग्रंथ पुढच्या अभ्यासकाच्या हाती लागूनही वापरात येत नाही.

(दृश्य : शिवणयंत्रावर फॉर्म एकत्र शिवले जाताहेत. कटिंग मशीन. मुखपृष्ठ चढतं.)

करारात हक्क किती वर्षांसाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी दिले, हे लिहून घ्या. काहीच लिहिलं नाही तर कायदा ५ वर्षं आणि भारत एवढंच धरतो. ई-पुस्तक आणि अनुवाद यांची वेगळी कलमं असू द्या. १३ अंकी आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो, त्यासाठी लेखकाकडून पैसे मागितले तर देऊ नका. प्रकाशनानंतर ३० दिवसांच्या आत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि एकेक मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या नेमलेल्या ग्रंथालयांत पाठवणं कायद्याने प्रकाशकावर बंधनकारक आहे. ती गेली का, हे लेखकाने विचारावं.

(दृश्य : नव्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलने लिहिलं जातं : ‘दुरुस्ती प्रत’.)

तुम्हाला मिळालेल्या प्रतींतली एक अशी बाजूला काढा. सापडेल ती चूक समासात लिहा आणि तिचा पृष्ठक्रमांक मागच्या कोऱ्या पानावर. पुनर्मुद्रणाचं पत्र येतं तेव्हा मुदत थोडी असते. ही प्रत तशीच छापखान्याकडे पाठवता येते.