खरं सांगता येईल असा डॉक्टर

श्रोतेहो, नमस्कार.

सांगली-मिरजेत डॉक्टर मिळत नाही, अशी तक्रार कुणी करू शकणार नाही. मिरजेला तर अथणी-जमखंडीकडूनही माणसं औषधपाण्याला येतात. मुलांचे डॉक्टरही पुष्कळ. तरीसुद्धा आमच्या ओळखीतली कुणी पोटुशी असली की मला हटकून विचारते, "सिस्टर, बाळाला कुणाकडं न्यायचं?" आणि लगेच आवाज खाली करून म्हणते, "रागावणारे नकोत हं!"

मी मुलांच्या ओपीडीत परिचारिका होते, आता निवृत्त आहे. डॉक्टर काय बोलतात ते ऐकलं, आणि बाहेर व्हरांड्यात आल्यावर आया काय बोलतात तेही ऐकलं. आज बोलायचं आहे ते त्या 'रागावणारे नकोत'बद्दल.

बाळगुटीचंच घ्या. डॉक्टर विचारतात, "वरचं काही देता का?" आई म्हणते, "नाही." शेजारी बसलेली आजी पंख्याकडं बघत राहते. घरी रोज सकाळी सहाणेवर वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड उगाळून मधातून चाटवणं सुरू असतं. त्या आईला खोटं बोलायची हौस नसते. मागच्या खेपेला तिनं खरं सांगितलेलं असतं, आणि भरल्या ओपीडीत "शिकलेली ना तू?" एवढं ऐकून खाली मान घालून बाहेर आलेली असते. मग पुढं ती कशाला सांगेल?

आता यात नुकसान कुणाचं होतं बघा. बाळ गुंगीत आहे, नीट चोखत नाही, म्हणून डॉक्टर रक्त-लघवी तपासायला पाठवतात. कारण जायफळात असू शकतं, मधात असू शकतं, न धुतलेल्या सहाणेत असू शकतं, पण ते केसपेपरवर आलेलंच नाही. मधाबद्दल तर हे पक्कं लक्षात ठेवा. मधात कधीकधी एका जिवाणूचे बीजाणू असतात. मोठ्या माणसाला ते बाधत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मात्र ते वाढतात, विष तयार करतात आणि बाळ हातपाय ढिले सोडतं. म्हणून वर्ष पुरं होईपर्यंत मधाचं बोटसुद्धा लावायचं नाही. आणि पहिले सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काहीच नको, उन्हाळ्यात पाणीसुद्धा नको. डॉक्टरांनी लिहून दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब तेवढे चालतात.

हेच सांगण्याची दुसरी रीत मी पाहिली आहे. एक डॉक्टरबाई आधी आजीलाच विचारायच्या, "काय काय उगाळता, आजी? किती वेढे?" आजी खुलायची, सगळं सांगायची. मग बाई म्हणायच्या, "मालिश तुम्हीच करा, तुमच्यासारखी आम्हाला जमायची नाही. पण नाकाकानात तेल सोडू नका, नाकातलं छातीत उतरतं. काजळ डोळ्यात नको, त्यात शिसं असू शकतं. आणि गुटी बंद करा." आजी ऐकायची. दर वेळी ऐकायची असं नाही, पण पुढच्या खेपेला विचारलं तर खरं उत्तर मिळायचं. मला विचाराल तर डॉक्टर पारखायची खूण हीच. पदवी बघाच, बालरोगातली एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.सी.एच. आहे का ते पाटीवर वाचा. पण आपण घरी जे करतो ते या माणसासमोर न लपवता सांगता येईल का, हे त्याहून आधी बघा.

बाळाला कुठं झोपवायचं, हाही असाच एक विषय. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सांगतात, बाळ आईबापांच्याच खोलीत हवं, पण अंथरूण वेगळं हवं. आपल्याकडं बाळ आईच्या कुशीत. दोन खोल्यांचं घर, त्यात सासू-सासरे, दीर. तिथं "वेगळं झोपवा" म्हणून केसपेपरवर लिहून देण्यात काय अर्थ आहे? समजूतदार डॉक्टर विचारतो, खाली झोपता की पलंगावर? शेजारी कोण असतं? मग तुमच्या घराला बसेल असं सांगतो: बाळ उताणं झोपवा, अंथरूण घट्ट असू द्या, जाड गोधडी आणि उशी तोंडापासून लांब ठेवा, दारू प्यायलेलं किंवा विडी-सिगारेट ओढणारं माणूस त्या अंथरुणावर नको, आणि सोफ्यावर बाळाला घेऊन डुलकी काढू नका. याला मी मान ठेवणं म्हणते. लंगोट की डायपर, उष्टावण खिरीनं की नाचणीच्या सत्त्वानं, अंडं द्यायचं की नाही, कान कधी टोचायचे, दुसऱ्या वर्षानंतरही अंगावर पाजायचं का, हे घरानं ठरवावं. पाजण्याबद्दल तर जागतिक आरोग्य संघटनाच सांगते, दोन वर्षं आणि त्यानंतरही पाजा. "अजून पाजतेस?" असं म्हणून तोंड वाकडं करणाऱ्या डॉक्टरांचा मला तरी कंटाळा आहे.

पण मान ठेवणं म्हणजे होला हो म्हणणं नव्हे. इथं मी डॉक्टरांच्या बाजूची आहे. "आम्ही डोस जरा उशिरा देणार," असं म्हटल्यावर जो डॉक्टर "तुमची मर्जी" म्हणून गप्प बसतो, तो तुमचा मान ठेवत नाही, स्वतःचा वेळ वाचवतो. गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पुरे झाल्यावर देतात. त्यालाही कारण आहे. आईकडून आलेलं संरक्षण तोवर ओसरत आलेलं असतं. त्याआधी लस दिली तर ते संरक्षणच लशीला आड येतं, आणि नंतर जितका उशीर कराल तितके दिवस बाळ उघड्यावर. २०२२ च्या शेवटी मुंबईत आणि मालेगावात गोवराची साथ आली, त्यात मुलं दगावली. बहुतेकांचे डोस राहिलेले होते. डॉक्टरांनी तुमची भीती ऐकून घ्यावी, ताप का येतो ते सांगावं, पण लशीवर ठाम राहावं.

आणि आपणही काही कमी नाही. जुलाब लागले की "सलाईन लावा", सर्दी झाली की "सुई मारा, उद्या पाव्हण्यांकडं जायचंय." साध्या सर्दीला अँटिबायोटिक लागू पडत नाही, कारण ती विषाणूंची असते. बाळ पीत असेल, तर जुलाबाला ओआरएस आणि १४ दिवस झिंकची गोळी, हेच खरं औषध. बरं वाटलं तरी झिंक मधेच थांबवायचं नाही. हे सांगून तुम्हाला रिकाम्या हातानं परत पाठवणारा डॉक्टर भेटला, तर त्याला सोडू नका. नाहीतर आपण काय करतो? "काय दिलंच नाही त्यांनी," असं म्हणत समोरच्या दवाखान्यात नंबर लावतो.

शोधायचं कधी? आठव्या महिन्यात. पोट घेऊन सावकाश जा, नवऱ्यालाही न्या, आणि फी देऊन चार प्रश्न विचारा. बाळंतपणानंतर टाके दुखत असताना आणि बाळ रडत असताना कुणाला काही सुचत नाही. बाहेर बसल्या बसल्या भिंतीकडं बघा. डब्याच्या दुधाच्या कंपनीचं पोस्टर किंवा कॅलेंडर दिसलं, तर मनाशी नोंद करा. १९९२ च्या कायद्यानं त्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात करायला बंदी आहे, दवाखान्यात पोस्टर लावायलाही. मग आत विचारा, "दूध कमी पडतंय असं वाटलं, तर तुम्ही पहिल्यांदा काय कराल?" "बाळाला कसं धरता ते बघू, वजन बघू, लघवी किती वेळा होते ते विचारू," असं उत्तर आलं तर चांगलं. थेट डब्याचं नाव आलं, तर दुसरीकडंही एकदा भेटून या.

लशींचंही विचारा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. खासगीत त्याऐवजी 'न दुखणारी' म्हणून एक लस मिळते, ती महाग. तिच्यानं ताप कमी येतो हे खरं. पण डांग्या खोकल्यापासूनचं संरक्षण सरकारी दवाखान्यातल्या जुन्या पद्धतीच्या लशीनं जास्त काळ टिकतं. डॉक्टरांनी दोन्ही सांगावं आणि निवड तुमच्यावर सोडावी. "फुकटातली नको घेऊ" असं म्हणणाऱ्यानं तुमचा खिसा बघितला, एवढंच म्हणते.

आपल्याकडं अजून एक अडचण असते. बाळंतपण माहेरी, मग चार-पाच महिन्यांनी सासरी. म्हणजे तासगावला एक डॉक्टर, जतला दुसरा, आणि माहेरचे कागद माहेरच्याच कपाटात. माता व बाल संरक्षण कार्ड, वजनाच्या नोंदी, डिस्चार्ज कार्ड बाळंतविड्याच्याच पिशवीत ठेवा. दवाखान्यात दाखल असताना झालेल्या उपचारांचे कागद मागितले, तर ७२ तासांच्या आत द्यावेत असा मेडिकल कौन्सिलचा नियम आहे, तेव्हा मागायला संकोच नको. डॉक्टर बदलताना जुन्यांशी भांडूनच निघावं असंही नाही. "सासरी चाललोय, एक चिठ्ठी द्या," म्हणायचं. आणि सासूबाईंना पहिल्याच भेटीत बरोबर न्या. त्यांना बाहेर बसवून आत ठरवलेलं घरी टिकत नाही.

एक गोष्ट मात्र आवडत्या डॉक्टरांसाठी थांबवायची नाही. दोन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं, गार पडलं किंवा दूध ओढेनासं झालं, कुठल्याही वयाच्या बाळाला झटका आला, छाती आत ओढली जाऊ लागली, बाळ उठवूनही उठेना, तर जो दवाखाना जवळ असेल तो गाठायचा. श्वास शंका येण्यासारखा वाटला तर बाळ शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा त्याहून जास्त, त्यानंतर वर्षापर्यंत ५० किंवा जास्त भरला, तर नंबर लागायची वाट बघू नका. रिसेप्शनवरच्या मुलीला आकडा सांगा आणि सरळ आत जा. तुमचे नेहमीचे डॉक्टर गावाला गेले असतील, तर त्यांना नंतर फोन करता येईल.

नमस्कार.