तुम्ही बसा, मी करते

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, बाबाजीपुऱ्यात कुठल्याही मराठी घरी संध्याकाळी डोकावून बघा. पंचाहत्तरीच्या आजी पाणी प्यायला झोपाळ्यावरून उठू लागल्या, की आतून सूनबाई म्हणते, “आई, तुम्ही बसा, मी देते.” मुलगा म्हणतो, “तू कशाला उठतेस?” नातू तोवर पेला घेऊन हजर. घर चांगलं आहे, माणसं मायेची आहेत, त्याबद्दल दुमत नाही. पण मी फिजिओथेरपिस्ट. मला तिथे एवढंच दिसतं, की आजींची दिवसाकाठी जी दहा-बारा वेळा उठबस व्हायची, ती या मायेनं बंद पाडली. आणि आजींचं मागच्या वर्षी हृदयाचं काही दुखणं निघालेलं असेल, तर मग बघायलाच नको. त्यांना पेपरसुद्धा कोणी उचलू देत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना मी “कसं वाटतंय?” असं विचारत नाही. त्याला “ठीक आहे” हे एकच उत्तर असतं. मी विचारते, “यंदा उत्तरायणाला पतंग बघायला गच्चीवर गेला होता का?” आपल्या वडोदऱ्यात या प्रश्नातून सगळं बाहेर येतं. कोणी म्हणतं, गेलो होतो, पण दोन मजल्यांत तीनदा थांबलो. कोणी म्हणतं, मुलांनी खुर्ची धरून वर नेलं. आणि कोणी म्हणतं, “छे हो, आता काय आमचं, वय झालं.” गुडघ्यानं अडवलं, दम्यानं अडवलं, हे मी समजू शकते. पण नुसत्या वयानं अडवलं म्हणणाऱ्याला मी अजून दोन प्रश्न विचारते. कारण त्याच वयाचे गृहस्थ सकाळी कमाटीबागेत तरातरा फेऱ्या मारताना मला रोज दिसतात. वय दोघांचं एकच. मग एक का खंगला?

या खंगण्याला डॉक्टर ‘फ्रेल्टी’ म्हणतात. याचं पक्कं मोजमाप आलं ते हृदयरोगाच्याच एका अभ्यासातून. अमेरिकेत 65 वर्षांवरच्या माणसांची हृदयं आणि रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं तपासत राहिलेला एक मोठा अभ्यास आहे. त्यातल्या पाच हजारांवर माणसांची माहिती घेऊन डॉ. लिंडा फ्राइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली पाच खुणा ठरवल्या. प्रयत्न न करता वर्षभरात साडेचार किलोच्या आसपास वजन उतरणं. सतत थकवा. हाताच्या पकडीतला जोर कमी होणं. चाल मंदावणं. आणि एकूणच हालचाल कमी होणं. पाचांतल्या तीन किंवा जास्त असतील तर माणूस फ्रेल. एक-दोन असतील तर त्या वाटेवर. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. जी माणसं फ्रेल निघाली, त्यांतल्या जवळजवळ पाव जणांना ना दुखण्यांची मोठी यादी होती, ना रोजच्या कामांसाठी कुणाची मदत लागत होती. म्हणजे रिपोर्ट बरे असूनही माणूस आतून रिकामा होत असतो. आपण मात्र शुगर, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉलची फाइल जपतो आणि आजोबा कसे चालतात ते बघतच नाही.

पकडीचा जोर मोजायला आमच्याकडे डायनॅमोमीटर असतो. हातात मावेल असं हँडल आणि वर काट्याची तबकडी. कोपर काटकोनात ठेवून जीव खाऊन दाबायचं, दोन-तीनदा, आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा घ्यायचा. आजी पहिल्यांदा बांगड्या मागे सारतात आणि हळूच दाबतात, मोडेल म्हणून. आजोबांचं उलट. ते मिश्कील हसून असं धरतात, जणू काटा तबकडी फोडून बाहेर येणार. एका निवृत्त गृहस्थांचा काटा 22 वर थांबला, तर ते म्हणाले, “याचा सेल गेलाय.” त्यात सेल नसतोच. आशियाई माणसांसाठी 2019 साली तज्ज्ञांनी ठरवलेली रेषा आहे: पुरुष 28 किलोच्या खाली, बाई 18 किलोच्या खाली, तर स्नायू कमी पडताहेत असं समजायचं. भारतातही हे मोजलं गेलंय बरं. मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं 2017-18 मध्ये 45 वर्षांपुढच्या 72 हजारांवर माणसांची घरोघरी जाऊन जी मोठी पाहणी केली, तीत रक्तदाबाच्या जोडीला हातांची पकडही मोजली होती.

आता कुणी म्हणेल, पकडीचा आणि हृदयाचा काय संबंध? संबंध दोन्ही बाजूंनी आहे. हृदय नीट पंप करत नसलं की पायांच्या स्नायूंना रक्त कमी पोचतं. दम लागतो म्हणून माणूस चालणं सोडतो. चालणं सोडलं की स्नायू झिजतात. आणि स्नायू झिजले की तेच चार पावलांचं काम हृदयाला जड जातं. शरीरात बारीक आगीसारखी एक सूज वर्षानुवर्षं धुमसत असते, ती रक्तवाहिन्याही खराब करते आणि स्नायूही खाते. म्हणून हृदयरोग आणि खंगणं ही जोडी पुष्कळदा हातात हात घालून येते.

डॉक्टर मंडळींनाही हे आकड्यांतच पटलं. कॅनडा आणि अमेरिकेतल्या काही हॉस्पिटलांत सत्तरीपुढच्या माणसांना हृदयाच्या शस्त्रक्रियेआधी फक्त पाच मीटर चालवून पाहिलं. तो निष्कर्ष 2010 साली प्रसिद्ध झाला. ज्यांना त्या पाच मीटरना सहा सेकंद किंवा जास्त लागले, त्यांच्यात शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूचा किंवा गंभीर गुंतागुंतीचा धोका सुमारे तिप्पट होता. एवढी यंत्रं, एवढे स्कॅन, आणि सांगून गेलं काय, तर चालणं. म्हणून हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलात, तर व्हीलचेअर घेण्याआधी त्यांना एकदा तुमची चाल बघू द्या. पुष्कळ घरांत उलटं होतं. पेशंटला दारापासून खुर्चीतच नेतात.

आणि मग घरी आणल्यावर सुरू होतो ‘आराम’. अँजिओप्लास्टी झाली की दीड महिना पलंग, असं अजूनही कित्येक घरांत धरून चालतात. आराम फुकट नसतो. ठणठणीत वयस्कर माणसांना दहा दिवस नुसतं झोपवून ठेवल्याचा एक प्रयोग 2007 साली प्रसिद्ध झाला होता. त्या दहा दिवसांत पायांतलं मांस सरासरी किलोभराच्या आसपास उतरलं. ठणठणीत माणसांचं, बरं का. आजारी माणसाचा हिशोब तुम्हीच करा. हार्ट फेल्युअरनं, म्हणजे हृदयाचा पंप कमजोर पडल्यानं, दाखल झालेल्या 349 वयस्कर पेशंटांचा अमेरिकेतला अभ्यास 2021 मध्ये आला. त्यातल्या निम्म्यांना हॉस्पिटलात असतानाच तोल, ताकद, चालणं आणि दम असे चारही व्यायाम सुरू केले आणि घरी गेल्यावर चालू ठेवले. तीन महिन्यांनी त्यांची उठबस, तोल आणि चाल बाकीच्यांपेक्षा स्पष्ट सुधारलेली होती. पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण मात्र ठळकपणे घटलं नाही, हेही सांगायला हवं. व्यायामाला जादू म्हणून विकणाऱ्यांतली मी नाही. पण स्वतःच्या पायांनी संडासला जाता येणं ही साधी गोष्ट आहे असं फक्त तरुण माणसांना वाटतं.

ज्या गावात प्राध्यापक माणिकरावांचा आखाडा दांडिया बाजारात उभा आहे, तिथे ताकदीचं महत्त्व मी काय सांगावं! पण आपला समज असा, की आखाडा पोरांचा आणि म्हाताऱ्यांनी फक्त फिरायला जायचं. फिरणं चांगलंच. हृदयाला तर हवंच. पण स्नायू वाढायचा तर त्याला वजन लागतं. बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या दहा माणसांकडून आठ आठवडे पायांनी वजनं उचलवून घेतली. 1990 साली निकाल छापून आला: पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली होती. त्याच संशोधकांनी 1994 साली शंभर वृद्धांवर मोठा प्रयोग केला आणि त्यात एक खोच ठेवली. काहींना व्यायाम, काहींना नुसतं पौष्टिक पेय, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. ताकद व्यायामानं वाढली. नुसतं पेय पिणाऱ्यांच्या पदरात काही पडलं नाही. दर महिन्याला आईसाठी महागडी पावडर आणणाऱ्या मुलांनी हे ऐकावं, अशी माझी फार इच्छा आहे.

म्हणून खाण्याकडे दुर्लक्ष करायचं असं नाही. खरं तर आपल्या घरांतल्या म्हाताऱ्यांचं जेवण बघून मलाच रडू येतं. सकाळी चहा-खारी, दुपारी मऊ भात आणि पातळ वरण, संध्याकाळी पुन्हा चहा, रात्री “भूक नाही, दूध घेते.” दात गेलेले, त्यामुळे भाकरी बंद, कोशिंबीर बंद. वयस्कर माणसाला दर किलो वजनामागे रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं लागतात, असं जाणकार म्हणतात. म्हणजे 55 किलोच्या आजींना किमान 55 ग्रॅम. वाटीभर वरणात पाच-सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, अंडं खात असाल तर एकात सहा. करा बेरीज. वरण घट्ट करा, दोन्ही वेळा घाला, मुगाची मऊ उसळ शिजवा, दही, पनीर, पिठलं. सेव-उसळीतली उसळ चालेल, वरची सेव आणि तर्री नातवाला द्या. किडनीचा त्रास असेल तर मात्र प्रथिनं किती घ्यायची, ते डॉक्टरांना विचारूनच.

औषधांबद्दल एकच सांगते. रक्तदाबाच्या गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत. पण बसून रक्तदाब 130 आणि उठून उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी, अशी माणसं खूप आहेत. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरत असेल, तर पडण्याचा धोका वाढतो. तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांना म्हणा, “एकदा उभं करूनही मोजा.” आणि घरातल्या सगळ्या गोळ्या, झोपेच्या, गुडघ्याच्या, कुणी शेजाऱ्यानं सांगितलेल्या, एका पिशवीत घालून त्यांच्यापुढे ओता.

आता करायचं काय. खुर्ची घ्या, हात नसलेली, भिंतीला टेकवलेली. प्लास्टिकची सरकणारी नको. हात छातीवर घडी करून पाच वेळा उठा आणि बसा, जवळ कुणीतरी उभं असताना. बारा सेकंदांहून कमी लागले तर छान. जास्त लागले, किंवा हात टेकल्याशिवाय उठताच आलं नाही, तर तोच तुमचा व्यायाम. मांड्यांवर हात टेकून सुरू करा. सकाळी पाच, संध्याकाळी पाच. आठवड्यानं एक-एक वाढवा. सोपं वाटू लागलं की हात सोडा, मग हातात पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली घ्या. ओट्याला धरून टाचा उचलणं हा दुसरा. उठताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही.

ज्यांना गेल्या काही आठवड्यांत हृदयविकाराचा झटका आला, ज्यांची शस्त्रक्रिया झाली, ज्यांच्या पायांवर नव्यानं सूज आहे किंवा रात्री झोपल्यावर दम लागतो, त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारायचं. व्यायाम करताना छातीत दाटलं, डावा हात किंवा जबडा भरून आला, घाम फुटला, तर तिथेच बसायचं आणि 108 ला फोन लावायचा. नुसती मांडी दुसऱ्या दिवशी दुखली, तर त्याला घाबरायचं कारण नाही.

आणि सूनबाई, तुम्हीही ऐकताय ना? पाण्याचा माठ झोपाळ्यापासून चार पावलं लांब ठेवा, वाटेतली सतरंजी उचला, संडासात धरायला दांडी बसवून घ्या. आजी उठल्या की सोबत उभ्या राहा. पेला त्यांचा त्यांना भरू द्या.

नमस्कार.