फुकटचं ग्रेडिंग आणि ग्राफिक्स कार्डाची मेमरी

प्रत्येक कार्यशाळेत कुणीतरी हमखास विचारतं, "सर, रिझॉल्व्ह सतत बंद पडतं. फुकटचं आहे म्हणून का?" रिझॉल्व्ह म्हणजे व्हिडिओचं एडिटिंग आणि ग्रेडिंग, म्हणजे रंग सुधारण्याचं सॉफ्टवेअर. मी उलट विचारतो, ग्राफिक्स कार्डाची मेमरी किती? समोरचा हार्ड डिस्क किती टीबीची आहे ते सांगतो. घोडं इथेच पेंड खातं.

२००९ मध्ये ब्लॅकमॅजिक डिझाइनने रिझॉल्व्ह बनवणारी दा विंची सिस्टिम्स ही कंपनी विकत घेतली. त्याआधी ग्रेडिंगचं काम लाखो डॉलरच्या यंत्रणांवर चालायचं. आज फुकट आवृत्तीत रंग फिरवायची चाकं, कर्व्ह, नोड (एकमेकांना जोडलेल्या रंगबदलाच्या पायऱ्या) सगळं आहे आणि अल्ट्रा एचडीपर्यंत फाइल काढता येते. नॉइज रिडक्शन, म्हणजे चित्रातले दाणे कमी करणं, अशा काही गोष्टींना पैसे पडतात, पण रंगाचं इंजिन तेच.

आता जरा आकडेमोड करू. अल्ट्रा एचडीची एक फ्रेम म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळपास ८३ लाख पिक्सेल. रिझॉल्व्ह आतला हिशेब ३२ बिट फ्लोटमध्ये करतं, म्हणजे प्रत्येक चॅनलला ४ बाइट. चार चॅनल (लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता) धरले तर पिक्सेलमागे १६ बाइट. गुणाकार करा, एका फ्रेमचे सुमारे १३३ एमबी झाले! फोनच्या फाइलमध्ये अख्खा सेकंद सहा-सात एमबीत मावतो, म्हणून आपल्याला वाटतं काम हलकं आहे. त्यात एका वेळी मेमरीत एकच फ्रेम नसते. पुढच्या फ्रेम रांगेत असतात, ब्लर किंवा ग्लो लावला की मधल्या प्रती तयार होतात. ४ जीबीच्या कार्डातली थोडी जागा स्क्रीन आणि ब्राउझरने आधीच खाल्लेली असते. मग 'जीपीयू मेमरी इज फुल' असा संदेश येतो आणि आपण सॉफ्टवेअरला शिव्या घालतो.

उपाय साधा आहे. टाइमलाइनचं, म्हणजे जिथे क्लिप मांडतो त्या पट्टीचं, रेझोल्यूशन १०८० वर आणा. फ्रेम चौथाईवर येते, ३३ एमबी. ग्रेड तसाच राहतो, विंडो (चित्राचा ठरावीक भाग निवडणारे आकार) सुद्धा आपोआप मोजून बसतात. शेवटी फाइल काढताना रेझोल्यूशन परत वाढवा. तेव्हा मात्र कार्ड पुन्हा धापा टाकू शकतं, हे धरून चला.

प्लेबॅक अडखळणं हा वेगळा आजार. एच.२६४ मध्ये, म्हणजे फोन-कॅमेऱ्यात सर्रास असणाऱ्या व्हिडिओ प्रकारात, बहुतेक फ्रेम शेजारच्या फ्रेमच्या आधाराने साठवलेल्या असतात. एक दाखवायची तर आजूबाजूच्या इतरही उलगडाव्या लागतात. आधी प्रॉक्सी, म्हणजे कामापुरती हलकी प्रत, बनवा, मशीन मोकळा श्वास घेतं. रॅम १६ जीबी हवीच. फ्यूजन, म्हणजे रिझॉल्व्हमधला इफेक्ट्सचा विभाग, वापरणार असाल तर ३२.

ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरबद्दल एवढंच, एनव्हिडियाचं कार्ड असेल तर गेमसाठीचा नको, स्टुडिओवाला टाका.

आणि काम अर्धवट असताना रिझॉल्व्हची आवृत्ती बदलू नका. मी बदलली होती, रात्री, नवीन बटणाच्या मोहापायी. नव्या आवृत्तीत उघडून सेव्ह केलेला प्रोजेक्ट जुनीत परत जात नाही. इथे प्रोजेक्ट डेटाबेसमध्ये राहतो, फोल्डरमध्ये शोधून सापडत नाही. माझ्याकडे बॅकअप नव्हता. दोन दिवसांचे नोड मी जुन्या आवृत्तीत, स्क्रीनशॉट बघून, एकेक करून पुन्हा जोडले. तेव्हापासून संध्याकाळी उठण्याआधी प्रोजेक्ट मॅनेजरमध्ये राइट क्लिक, एक्सपोर्ट, डीआरपी (प्रोजेक्टची) फाइल पेनड्राइव्हवर. एक मिनिटही लागत नाही.