चौथा रकाना

प्रकल्पाचा प्रस्ताव लिहिणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी तार्किक चौकटीचा तक्ता भरलेला असतो. १९६९ च्या सुमारास अमेरिकेच्या 'युसेड' या परदेशी मदत संस्थेसाठी तो तयार झाला. चार रकाने: काय साधायचं, ते कशावरून ओळखायचं, पुरावा कुठून आणायचा, आणि शेवटी गृहीतकं. पहिल्या तिन्हींवर आपण आठवडे घालवतो. चौथा मुदतीच्या आदल्या रात्री भरतो: 'लोकसहभाग मिळेल', 'प्रशासन सहकार्य करेल'. मीही कित्येक वर्षं तसाच भरला, आणि त्याची किंमत वस्तीतल्या लोकांनी मोजली. म्हणून आज फक्त या रकान्याबद्दल बोलतो.

बांगलादेशातल्या हापशांचं घ्या. १९७० च्या दशकात तिथे तळ्या-नद्यांच्या पाण्याने अतिसार व्हायचा, मुलं दगावायची. सरकारने आणि युनिसेफने कूपनलिका खोदायला घेतल्या. पुढे लोकांनी पदरचे पैसे घालून लाखो खोदल्या. हेतू निर्मळ होता. पण भीती जंतूंची होती, म्हणून लक्षही जंतूंवरच राहिलं. आर्सेनिक हे जमिनीत असणारं विष तेव्हा नेहमीच्या पाणी-तपासणीत नव्हतंच. १९९३ मध्ये ते सापडलं, तोवर कोट्यवधी माणसं ते पाणी पीत होती. त्वचेवर खुणा उमटायला वर्षं लागतात, त्यामुळे शरीरानेही लवकर इशारा दिला नाही. 'जमिनीखालचं पाणी शुद्धच असतं' हे वाक्य कागदावर आलं असतं, तर निदान कुणी विचारलं असतं: कशापासून शुद्ध?

पुढे हापशांना रंग दिले. धोक्याचा लाल, चांगला हिरवा. इथेही एक गृहीतक लपलेलं होतं: लाल रंग दिसला की माणूस पाणी बदलेल. पुष्कळांनी बदललंही. पण हिरवा हापसा लांब असेल, तर रोज तिथून घागर कोण वाहणार?

आता तुमच्या प्रस्तावातलं एक वाक्य घ्या: 'महिला प्रशिक्षणाला येतील.' ते फोडा. त्या वेळेला त्या मोकळ्या असतात का? लहान मूल कोण सांभाळेल? परतताना अंधार होतो का? घरात कुणाला विचारावं लागतं? एका वाक्याच्या पोटात चार निघाली, आणि चारही खोटी ठरू शकतात. 'याल का?' असं विचारून काही कळत नाही. पाहुण्याचं मन मोडू नये म्हणून माणूस 'हो' म्हणतो. त्यापेक्षा वर्षभराचा खर्च मंजूर करण्याआधी त्याच जागी, त्याच वेळेला एक बैठक बोलवा. आलेल्यांना मोजा, आणि न आलेल्यांच्या दारात जा. तीसपैकी किती आल्या तर आराखडा बदलायचा, तो आकडा आधीच लिहून ठेवा. नंतर ठरवलेला आकडा नेहमी आपल्याच बाजूला झुकतो.

सगळीच गृहीतकं तपासायला वेळ नसतो. जे खोटं ठरलं तर सगळंच कोसळेल आणि ज्याची खात्री सगळ्यात कमी, ते आधी घ्या.

मात्र 'हे तर सगळ्यांना माहीत आहे' असं ज्याबद्दल म्हटलं जातं, तिथे विशेष थांबा. फुकट दिलेली वस्तू लोक वापरत नाहीत, हे आपल्याकडे छातीठोकपणे सांगतात. केनियात जेसिका कोहेन आणि पास्कलिन द्युपा यांनी गरोदर स्त्रियांना मच्छरदाण्या वेगवेगळ्या किमतींना देऊन पाहिल्या; निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. फुकटऐवजी साठ सेंट किंमत लावल्यावर मच्छरदाणी घेणाऱ्यांचं प्रमाण ६० टक्के बिंदूंनी घसरलं, म्हणजे शंभरामागे साठ जणी कमी झाल्या. आणि फुकट मिळालेल्या स्त्रिया ती कमी वापरतात, असं काही आढळलं नाही.

आमच्याकडे आता प्रस्ताव पाठवण्याआधी एक बैठक होते. प्रश्न एकच: दोन वर्षं झाली, प्रकल्प फसला, तो कशामुळे? सगळ्यात आधी बोलते ती रोज वस्तीत फिरणारी, सगळ्यात नवी कार्यकर्ती. तिचं बोलणं संपेपर्यंत प्रकल्पप्रमुखाने मध्ये बोलायचं नाही. तिचा शब्द न् शब्द चौथ्या रकान्यात उतरवायचा.